गोधडी पाहायची कशी?

(भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

रविवार, त्यात रेल्वेचा मेगाब्लॉक, आणि तरी तुम्ही एवढे जण आलात, याबद्दल आधी आभार मानतो. खाली जिन्यात एकाने मला विचारलं, "सर, जन्मभर कांट शिकवलात, आणि आता गोधडी?" मी म्हटलं, कांटच शिकवणार आहे, फक्त गोधडी अंथरून.

आज मला दोन शब्दांबद्दल तक्रार करायची आहे. ते शब्द म्हणजे 'मायेची ऊब'. गोधडीवर मराठीत लिहिलेलं काहीही उघडा, लेख असो, प्रदर्शनाची जाहिरात असो, सकाळी सकाळी मोबाइलवर येणारा सुविचार असो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत मायेची ऊब येतेच. शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझी तक्रार अशी की हे शब्द आले की आपण डोळे मिटतो. एखाद्या चित्रकाराबद्दल 'त्याने हे चित्र फार प्रेमाने काढलं' एवढंच कोणी सांगितलं, तर आपण त्याला समीक्षा म्हणू का? आपण विचारू, बाबा, चित्र कसं आहे ते सांग. गोधडीला मात्र हा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

याचे दोन परिणाम झाले. गोधडीकडे वस्तू म्हणून कोणी नीट पाहिलं नाही. आणि गोधडी शिवणाऱ्या बाईच्या कामाला दाम द्यायचं कोणाला सुचलं नाही, कारण मायेला मजुरी कोण देतो? गोधडी मजुरीवर शिवून देणाऱ्या बायका गावोगाव होत्या, आजही आहेत. आपल्या लेखांत त्या येत नाहीत. लेखांत आजी येते, कारण आजी पैसे मागत नाही.

तेव्हा आजचं माझं म्हणणं सरळ आहे. 'प्रेमाने केलं' ही माहिती आहे, तो निवाडा नाही. प्रेम किती तास शिवलं यावर मोजायचं नसतं. ते शिवणाऱ्याच्या निर्णयांत असतं: कोणतं कापड घेतलं, ते कुठे लावलं, कोणासाठी लावलं. हे निर्णय वाचता आले की गोधडी चांगली की वाईट हे बोलता येतं, आणि माया खरोखर कुठे आहे तेही बोट ठेवून दाखवता येतं.

आता वस्तूकडे येऊ. पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात. लहान बाळाचं ते दुपटं. नावातच दोन पट आहेत. गोधडीत कापूस भरत नाहीत. पिंजलेला कापूस भरला की ती गादी किंवा रजई. गोधडी म्हणजे कापडावर कापड. खाली एक धड लुगडं, मध्ये जुनेरं, म्हणजे वापरून विरलेली लुगडी, धोतरं, सदरे, आणि वर पुन्हा चांगलं कापड किंवा तुकडे जोडून केलेला थर. हे सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, कडेने कच्चे टाके घालून धरून ठेवायचं, आणि मग धावदोरा. पुष्कळ ठिकाणी धावदोरा कडेकडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर येऊन थांबतो. आमच्या घरी शेवटचा टाका घालण्याआधी मध्यभागी पोळीचा एक कण ठेवत, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका कवदी शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवदी त्यांना उघडी वाटते. वस्तूला पोट आहे, लाज आहे, असं मानणारी ही माणसं. त्यांना 'वस्तूचा विचार' नव्हता असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

इथे टेबलावर दोन गोधड्या आणल्या आहेत. पहिली माझ्या आत्याने १९७५ च्या सुमारास शिवलेली, सातारा भागातल्या खेड्यात. मला मुंबईत कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तिने दिली. पुढच्या रांगेतल्यांनी हात लावून बघा, संकोच नको. वरचं कापड काळसर निळं इरकली लुगडं आहे. त्याचा लाल पदर एका टोकाला आलाय. हा योगायोग नाही. पदर डोक्याकडे, म्हणजे अंधारात पांघरतानाही पायाकडची बाजू तोंडावर येत नाही. तोंडाशी जे कापड आहे ते सगळ्यात जास्त धुतलेलं, म्हणून सगळ्यात मऊ. पायाकडे खरखरीत आणि दणकट, कारण झीज तिथे होते. जिथे वरचं विरलंय तिथे आतलं पांढरं दिसतं. ते आजोबांचं धोतर.

आता पायाकडची ही खाकी पट्टी बघा. वीतभर रुंद आहे आणि बाकी कशाशीच जुळत नाही. पहिल्या नजरेत ती खटकते. ही पट्टी का आहे? तर मी सहा फूट उंच आहे आणि लुगड्याचा पन्हा कमी पडला. आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. आत्याने पाय पाहून अंथरूण वाढवलं. या गोधडीत माया कुठे आहे असं मला विचाराल, तर मी सगळ्या गोधडीवर हात फिरवून उसासा टाकणार नाही. मी या वीतभर पट्टीवर बोट ठेवीन.

आणि दोषही सांगतो, नाहीतर ही समीक्षा कसली? डाव्या कडेला टाके जास्त ओढले गेलेत. कापड चुण्या धरतं, गोधडी सपाट बसत नाही. तिथे माया कमी पडली का? नाही. पाऊस तोंडावर आला असेल, हात घाईत असेल. माया आणि टाका या दोन गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरा आपोआप चांगला होत नाही.

दुसरी गोधडी गेल्या वर्षी एका प्रदर्शनात विकत घेतली. कुठल्या ते सांगत नाही, कारण अशी प्रदर्शनं पुष्कळ. रंग छान आहेत, टाके एकसारखे, आत्यापेक्षा कितीतरी सफाईदार. पण तुकडे बघा. सगळे एका मापाचे चौकोन, नव्या ठाणातून कापलेले. म्हणजे फाटलं काहीच नव्हतं आणि ठिगळ मात्र आहे. ठिगळ हा एक उपाय होता, इथे तो दागिना झाला. वाईट आहे का? नाही, पांघरायला ठीक आहे. पण डोकं कोणीकडे, पाय कोणीकडे, ते कळत नाही. कोणासाठी शिवली हे तिला ठाऊक नाही. आणि हिच्या पत्रिकेवर पुन्हा तेच छापलंय, मायेची ऊब. शिवणारीला किती मिळाले ते छापलेलं नाही.

आता थोडं शास्त्र. कांटने १७९० च्या ग्रंथात सांगितलं की सौंदर्याचा निवाडा करताना ती वस्तू मला हवी आहे का, माझ्या उपयोगाची आहे का, हा हिशेब बाजूला राहतो. हे ऐकून पुष्कळांनी ठरवलं की उपयोगी वस्तू कलेच्या दाराबाहेर. पण कांट तेवढ्यावर थांबला नव्हता. त्याने सौंदर्याचे दोन प्रकार मानले. एक मुक्त, फुलांचं, वेलबुट्टीचं. दुसरं वस्तूच्या प्रयोजनाशी बांधलेलं, जसं एखाद्या इमारतीचं. चर्च कितीही नटवा, ते चर्च म्हणून बसलं पाहिजे. गोधडी या दुसऱ्या घरातली आहे. खाकी पट्टी मुक्त सौंदर्याच्या मापाने चूक ठरेल. प्रयोजन ठाऊक झालं की तीच पट्टी त्या गोधडीतली सर्वांत योग्य जागा ठरते.

आपल्याकडे मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये लयीचे तीन घटक सांगितले: संवाद, विरोध, समतोल. गोधडीच्या रंगांना ते सुंदर लागू पडतात. निळ्यावर लाल पदर, त्याच्या विरुद्ध टोकाला खाकी, आणि या सगळ्यावरून एकाच पांढऱ्या दोऱ्याची चाल. पण मर्ढेकरांच्या वाटेने गेलं की धोतर आजोबांचं होतं ही गोष्ट हिशेबाबाहेर राहते. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त दाखवलं की कलेचा विचार दोन ध्रुवांमध्ये फिरतो, लौकिक आणि अलौकिक, आणि एकाने दुसऱ्याला पुसून टाकता येत नाही. मला वाटतं याचं घरातलं उदाहरण द्यायचं तर गोधडीसारखं दुसरं नाही. धोतर आजोबांचं होतं हे लौकिक. त्याचा पांढरा निळ्यातून कसा दिसतो हे दुसरं. पाहताना दोन्ही लागतात.

आणखी एक नाव घेतो, कॉलिंगवुड. १९३८ साली त्याने कला आणि कारागिरी यांत फरक केला. कारागिराला काय करायचंय ते आधीच माहीत असतं. कलावंताला ते करता करता कळतं. ठीक आहे. मग गोधडी शिवणाऱ्या बाईला विचारा, अखेरीस ही कशी दिसेल? ती म्हणेल, चिंध्या किती निघतात त्यावर. कॉलिंगवुडचं माप त्याच्याच हाताने लावलं तर आत्या कलेच्या बाजूला जाते, आणि नकाशा छापून चौकोन कापणारं प्रदर्शन कारागिरीच्या. मी हा मुद्दा फार ताणत नाही, पण मोजपट्टी सगळ्यांना सारखी लावावी, एवढंच.

आता भेटवस्तूकडे वळू, कारण गोधडी बहुधा कोणाला तरी दिलेली असते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणगीवर निबंध लिहिला. त्याचं सांगणं असं की देणगी कधीच फुकट नसते. देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही बंधनं असतात, आणि दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो. म्हणून हाताने केलेल्या भेटीचं आपल्याला थोडं दडपणही येतं. कोणी महिनाभर विणून तोरण आणलं की ते दाराला लावावंच लागतं, नको असलं तरी. हाताने केलं म्हणजे चांगलं, असं नाही. कधी कधी तो आपला छंद दुसऱ्याच्या भिंतीवर टांगण्याचा प्रकार असतो.

आपल्या दोन रीती शेजारी ठेवून पाहा. एक रुखवत, एक बाळंतविडा. रुखवतात मुलीच्या हातचं भरतकाम, क्रोशाचे रुमाल, मण्यांची कलाकुसर मांडत. कोणासाठी? बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मुलगी किती गुणी याची ती जाहीर परीक्षा होती. मी तिला हसत नाही, कारण कितीतरी मुलींना आपलं कसब चारचौघांत मांडायची तेवढी एकच जागा मिळाली. पण वस्तूचा रोख पाहणाऱ्यांकडे होता. म्हणूनच आज रुखवत भाड्याने मिळतं आणि कोणाचं काही बिघडत नाही.

बाळंतविड्याचं तसं नाही. झबली, टोपडी, कुंची, दुपटी. दुपट्याला जुनं सुती लुगडंच का? नवं कापड परवडत नाही म्हणून, हे एक कारण. पण नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या अंगाला टोचते, हे दुसरं. शंभर वेळा धुतलेलं सूत ओल शोषतं आणि लवकर वाळतं, हे तिसरं. काटकसर, अक्कल आणि लळा तिन्ही एकाच कापडावर येऊन थांबतात. पाहणारा कोणी नाही, वापरणारा बोलू शकत नाही, आणि तरी प्रत्येक निर्णय त्याच्याकडे बघून घेतलेला आहे. भेटवस्तू कशी असावी याचं याहून चांगलं उदाहरण मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सापडलेलं नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? इथे मी आपल्या गावाकडे येतो. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडवणारे छोटे छोटे कारखाने आहेत, तुमच्यातल्या काहींचे असतील. आणि दारावर बोहारीण येते, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. मुंबईच्या चाळींत आणि नंतर आपल्या या इमारतींत जुन्या साडीला दोन वाटा फुटल्या: गोधडीत जायचं की पातेलं होऊन परत यायचं. जागा दीड खोलीची, जमिनीवर लुगडं ताणायला अंगण नाही, आणि साड्याही नायलॉनच्या, ज्या सुईखाली सरकतात आणि घाम शोषत नाहीत. पातेलं जिंकलं. त्यात घरच्या बाईचं काही चुकलं नाही. बोहारणीशी घासाघीस करून ती त्या साडीची किंमत वसूल करत होती. घरात तिच्या मालकीची, तिच्या मर्जीने विकता येणारी दुसरी वस्तू कोणती होती?

हे समजायला विनयपिटकातली एक गोष्ट उपयोगी पडते. मगधातली बांधाबांधांची भातखाचरं पाहून बुद्धाने आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरं केली. बुद्धाला ती आवडली, आणि एक कारण असं की कापून जोडलेल्या कापडाचा कोणाला लोभ सुटत नाही. म्हणजे बघा, कापड कापलं की ते बाजारातून बाहेर पडतं. गोधडीचंही तेच. साडीत पहिली कात्री लागली की बोहारीण तिला हात लावत नाही. 'हे आता विकायचं नाही' असं ठरवणं, हा गोधडीतला पहिला निर्णय. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते काही केवळ गरिबीचं वर्णन नव्हतं. बाजाराला जे नको ते त्यांनी जाणून अंगावर घेतलं होतं.

आता उलटा प्रवास. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. ही स्तुतीच होती, पण तिच्यात एक गोम आहे: गोधडी मोठी ठरवायला ती पलंगावरून उचलून चित्रासारखी टांगावी लागली. त्याच गावातल्या मिझूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पांघरायला. तिचा आकार, फिके निळे-तपकिरी रंग हे सगळं भिंतीवर दिसतं. पण ती अंगावर घेण्यासाठी होती हे ठाऊक नसेल तर तुम्ही अर्धीच पाहिली. आणि दुसरी बाजूही सांगतो. त्याच भागात १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली आणि कमाई केली. माया आणि मजुरी एका घरात राहू शकतात. अडचण आपल्या शब्दांची आहे.

हे आज का बोललो? २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या वर होती. त्यातले बहुतेक जण कुठून तरी आलेले, आणि येताना वळकटीत एखादी गोधडी आणलेले. ऐंशीच्या दशकातल्या आपल्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्यात. सामान बांधताना माळा रिकामा होतो, आणि जिन्याखाली पहिल्यांदा काय येऊन पडतं? जुन्या गोधड्या. मी सगळ्या जपा म्हणत नाही. गोधडी वापरून संपण्यासाठीच असते, आणि वापरून संपली तर तिला योग्य न्याय मिळाला. पण टाकण्याआधी एकदा दिवसाच्या उजेडात पसरून बघा. कोणाचं लुगडं आहे, डोकं कोणीकडे, मध्येच ही वेगळी पट्टी का? घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. 'आजीची माया' एवढंच लिहू नका. काय कापलं, काय जोडलं ते लिहा.

मी थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक श्रोत्या): माझी आई गेली. तिच्या साड्या मी पुण्याला पाठवून गोधडी शिवून घेतली. मला स्वतःला शिवता येत नाही. ती घरची म्हणायची की विकतची?

उत्तर: ताई, साड्या कोणी निवडल्या? तुम्ही. कोणती ठेवायची आणि कोणती कापायची हे कोणी ठरवलं? तुम्ही, आणि ते सोपं गेलं नसणार. मग महत्त्वाचा निर्णय घरचाच आहे. टाके विकतचे आहेत, त्यात कमीपणा काही नाही, फक्त शिवणारीला पुरेसे पैसे मिळाले असोत. पुढच्या वेळी एक करा. कुठली साडी कुठे यावी हे तुम्हीच कागदावर काढून पाठवा. आईच्या रोजच्या वापरातली तोंडाशी, जरीची पायाशी. जर टोचते.

प्रश्न (एक श्रोते): मुलगा कॅनडात असतो. हिने दोन महिने खपून मोठी गोधडी शिवली आणि पाठवली. तो म्हणतो, इथे घर गरम असतं, आणि ही मशीनमध्ये धुता येत नाही. ती कपाटात पडून आहे. वहिनींनी, म्हणजे हिने, मनाला लावून घेतलंय.

उत्तर: वहिनींना माझा नमस्कार सांगा. मुलगा कृतघ्न आहे असं मला वाटत नाही. गोधडी साताऱ्याच्या थंडीसाठी शिवली आणि गेली गरम घरात. आत्याने माझी उंची पाहिली तसं त्याचं घर पाहायला हवं. तीच गोधडी परत मागवा, तिच्यातून गुडघ्यांवर घेता येतील अशा दोन लहान करा, दोनच थरांच्या, मशीनमध्ये मावतील अशा. कापायला जीव होणार नाही, ठाऊक आहे. पण गोधडी तर कापूनच होते ना? आणि आधी त्याला फोन करून विचारा, सोफ्याची लांबी किती.

या दोन्ही गोधड्या इथेच टेबलावर आहेत. जाताना उलटून बघा, उलट्या बाजूला टाके जास्त स्पष्ट दिसतात.